गोंधळ-आख्यानासाठी आवाज आणि अंग कसं तयार करायचं? सहा आठवडे हातात आहेत

दिवटी (अंबाजोगाई) | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. चैत्रातल्या जत्रेत गोंधळ अंगाचं आख्यान करायचं ठरलंय. नऊ जण आहेत, १७ ते २४ वयाचे, त्यात तीन मुली. संबळ, तुणतुणं, झांज. एकूण ७५ मिनिटांचा खेळ, उघड्या मैदानात. माईक एकच, कर्णे दोन.

अडचणी अशा:

२० मिनिटं झाली की नाईकाचा (मुख्य गोंधळ्याचा) आणि एका साथीदाराचा आवाज बसायलाय. नाच झाल्यावर लगेच गद्य बोलायचं असतं, तिथं धाप लागते आणि वाक्याचं शेपूट गळून पडतं. मुली पुरुषांच्या पट्टीत गातात तेव्हा त्यांचं खाली ऐकू येत नाही आणि वर किंचाळल्यासारखं होतं. हात तेच तेच होतात: राजा आला तरी तेच, देवी आली तरी तेच.

रोज संध्याकाळी दीड तास तालीम आहे. "रियाज करा" एवढं सांगू नका, काय आणि किती करायचं ते सांगा.

---

खर्ज_पंचम | सोमवार, रात्री १०:०५

दिवटी, आवाज बसतो म्हणून घशावर काम करायला जाऊ नका. २० मिनिटांत बसणारा आवाज बहुतेक वेळा श्वास अपुरा आणि पट्टी उंच या दोन कारणांनी बसतो. श्वासाचं मी सांगतो. पट्टीचं वेगळं लिहावं लागेल.

पहिले दहा दिवस तालमीची पहिली १५ मिनिटं उताणं झोपून. गुडघे वाकवलेले, तळवे जमिनीवर, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर, अंगठे पाठीकडे. आधी "स्स्स" करत सगळी हवा सोडायची. मग श्वास ओढायचा नाही, आत येऊ द्यायचा. बरगड्या बाजूला उघडतात, पोट आपोआप वर येतं, खांदे हलत नाहीत. "पोट फुगवा" असं पोरांना सांगू नका. ती मुद्दाम पोट पुढं ढकलतात आणि बरगड्या जागच्या जागी राहतात. हवा पोटात जात नाही. श्वासपटल खाली उतरतं म्हणून पोट पुढं येतं, एवढंच.

मग ४ मात्रांत श्वास आत, १२ मात्रांत "स्स्स" बाहेर. मात्रा सेकंदाएवढी. आवाज पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकसारखा हवा. सुरुवातीला भस्सकन सुटून शेवटी सुईसारखा होत असेल तर मात्रा कमी करा. दर दोन दिवसांनी २ मात्रा वाढवा, २४ वर थांबा. चाळीस-पन्नासची चढाओढ लागू देऊ नका. शेवटची हवा पिळून काढताना गळा आवळला जातो आणि तीच सवय गाण्यात येते.

चूक कुठं होते ते सांगतो. मोठं वाक्य आलं की पोरं छाती भरून हवा घेतात. जास्त हवा कोंडली की ती अडवायला गळाच आवळतो. चार शब्दांच्या ओळीला चार शब्दांपुरती हवा. हे एकदा अंगात बसलं की अर्धी धाप तिथंच जाते.

दहा दिवसांनी हाच व्यायाम उभ्याने, मग चालत. संबळवाल्याकडून वेगळा करून घ्या. संबळ कमरेला बांधलं की तो मागं झुकतो, कंबर आत जाते आणि खालच्या बरगड्या उघडतच नाहीत. पट्टा कमरेच्या हाडावर टेकवा, पोटावर नको.

---

गोदाकाठ (पैठण) | मंगळवार, सकाळी ६:४०

झोपून श्वास ठीक आहे, पण आपल्याकडं आवाज तयार होतो तो खर्जात. पहाटे उठून मंद्र सप्तकात "सा" लावायचा आणि खाली खाली जायचं. कीर्तनकार, भारूडकार, गोंधळी सगळे असेच घडले. नाथांच्या गावात भारूडाला उभा राहणारा माणूस तासन्‌तास बोलतो, गातो, नाचतो, त्याच्या मुळाशी खर्जच आहे. हल्ली पाण्यात नळी बुडवून आवाज काढायला सांगतात, ते नंतर.

---

खर्ज_पंचम | मंगळवार, सकाळी ८:१५

गोदाकाठ, खर्जाला माझा विरोध नाही, नावातच खर्ज आहे. पण तो दाबून लावला तर नुकसान होतं. पहाटे स्वरतंतू किंचित सुजलेले असतात, म्हणून आवाज जाड लागतो आणि माणसाला वाटतं आपण लई खाली पोचलो. दिवस चढला की ते स्वर जातात.

खर्ज असा लावा: तुणतुण्यावर किंवा पेटीवर आधार स्वर, १० ते १५ मिनिटं, बोलण्यापेक्षाही हळू आवाजात. "सा"वरून नी, ध, प असे एकेक स्वर उतरत जायचं, प्रत्येक स्वर एका श्वासापुरता. जिथं आवाज दाराच्या बिजागरीसारखा करकरायला लागला, तिथून एक स्वर वर या आणि तिथंच थांबा. हनुवटी छातीकडं गेली की समजा, स्वर लागत नाही, दाबला जातोय.

१७ वर्षांचा मुलगा असेल तर त्याला आणखी जपा. त्याचा आवाज फुटून झाला असला तरी अजून पक्का नसतो. त्याला नाईकाच्या खर्जाशी बरोबरी करायला लावू नका.

आता नळीबद्दल, कारण ती खरंच कामाची आहे. पेल्यात अर्धं पाणी घ्यायचं. शीतपेयाची साधी नळी पाण्यात २ ते ३ सेंटिमीटर बुडवायची, ओठ घट्ट मिटायचे आणि "ऊ" काढायचा. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले पाहिजेत. आधी एकाच सुरात, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. गाल फुगू द्यायचे नाहीत. मधेच नाक चिमटीत धरून बघा. आवाज बंद पडला तर हवा नाकातून गळत होती. ५ मिनिटं पुरे. पुढं हवेचा अडथळा असला की मागं दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हळुवार मिळतात. म्हणून खेळाआधी आवाज जागा करायला आणि खेळानंतर शांत करायला, दोन्हीला हेच चालतं. नळी नसेल तर लहान मुलं गाडीचा आवाज काढतात तशी ओठांची फुर्र करा, सुरात.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०२

हळू आवाजात खर्ज, हे मान्य. नळीचं करून पाहायला हरकत नाही. तरी तुणतुण्याच्या स्वरावर कान पक्का होतो तो फायदा नळीत नाही, हे माझं म्हणणं कायम.

---

खर्ज_पंचम | मंगळवार, सकाळी ९:२०

कानाचं बरोबर आहे. मग नळीसुद्धा तुणतुण्याच्या स्वरावरच करा, दोन्ही साधेल.

---

सातवी_ओवी | मंगळवार, दुपारी २:३०

पट्टीचं मी लिहिते, कारण मुलींची अडचण तिथं आहे.

गोंधळाची पट्टी उंच का? माईक नव्हता, रात्रीची मोकळी हवा आणि संबळाचा कडकडाट, त्याच्या वरून आवाज न्यायचा होता. आता कर्णे आहेत, तरी पट्टी तीच राहिली. ती खाली आणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तपासायची सोपी रीत: आख्यानातला सगळ्यात उंच स्वर शोधा. नाईकाला तो स्वर हळू, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतका हळू गायला सांगा. लागला तर पट्टी बरोबर. फक्त जोरातच लागत असेल तर पट्टी उंच आहे. अर्ध्या स्वरानं खाली या आणि पुन्हा तपासा. तुमची मंडळी समजा काळी ४ मध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी "सा" धरून) गात असतील, तर तीन अर्धस्वर खाली म्हणजे पांढरी ४. तुणतुण्याची खुंटी सैल केली की झालं. संबळाच्या बारीक अंगाचा बोल थोडा उतरवून घ्या, नाहीतर कानाला सारखं टोचत राहतं.

मुलींसाठी: पुरुषांचा "सा" पांढरी ४ ठेवला तर मुलींची कडवी काळी ५ ला "सा" धरून बसवा. म्हणजे पुरुषांचा मध्यम तो मुलींचा "सा". तुणतुणं बदलावं लागत नाही, कारण पांढरी ४ हा काळी ५ चा पंचम आहे आणि पंचमाचा आधार गाण्याला चालतो. फक्त पट्टी बदलते तिथं संबळाचा चार मात्रांचा तुकडा ठेवा, म्हणजे नवा "सा" कानात बसायला वेळ मिळतो. तो नसला की पहिली ओळ हमखास बेसूर जाते.

ध्रुपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं असेल तर ते मधल्या स्वरांत, सा ते प मध्ये फिरणारं ठेवा. मुलींना पुरुषांच्या "सा"वर अख्खं आख्यान गायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मागून पुन्हा "पोरींचा आवाजच बारीक" म्हणून त्यांच्याकडून ओळी काढून घेतात. तसं करू नका.

---

पायरव (लातूर) | मंगळवार, रात्री ८:५०

धाप आणि पाय माझ्याकडं.

दिवटी, तुमच्या तालमीत नाच वेगळा आणि गाणं वेगळं बसवताय का? बहुतेक तसंच असणार. शेवटच्या आठवड्यात दोन्ही जोडतात आणि मग धाप लागते. पहिल्या दिवसापासून जोडा.

आधी पायांची ताकद. पहिल्या आठवड्यात बैठका १० च्या ३ फेऱ्या, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं १५ च्या ३, कोपर आणि पावलांवर शरीर सरळ धरून ठेवणं २० सेकंद, ३ वेळा. मग एका पायावर उभं राहणं ३० सेकंद, आधी डोळे उघडे, जमल्यावर मिटून. दर आठवड्याला बैठका दोन-दोननं वाढवा. जोर काढत असतील तर उत्तम, पण जोर-बैठका काढून लगेच गाऊ नका. जोर काढताना श्वास कोंडला जातो आणि गळा आवळलेलाच राहतो. मधे १० मिनिटं जाऊ द्या.

उडीचं नीट बघा. उतरताना आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. गुडघे आत पडले की आठवड्याभरात दुखणं आलंच. आवाज ऐका: उडी उतरल्यावर धप्प आवाज आला तर सगळा भार हाडांवर गेला. मैदान काळ्या मातीचं असेल तर चैत्रात भेगा पडलेल्या असतात, त्यात अनवाणी पाय मुरगळतो. भेगा मुरुमानं बुजवून, पाणी मारून, चोपून घ्या. धूळही बसते. तालीम मात्र सिमेंटच्या कोब्यावर करू नका. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर उड्या तिथंच बंद, ४-५ दिवस नुसतं चालणं.

आता जोडणी. संहितेवर पेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणा करा, प्रत्येक ओळीत. मग प्रत्येक खूण कोणत्या पावलावर येते ते ठरवा. पाय आपटताना धक्क्यानं हवा बाहेर जाते, त्यामुळं आपटण्यावर श्वास घेताच येत नाही. पाय उचलताना घ्यायचा. आणि ओळीतलं जोराचं अक्षर आपटण्यावर आणायचं, म्हणजे जो धक्का त्रास देत होता तोच शब्दाला बळ देतो. जुन्या गोंधळ्यांकडं बघा, परभणीच्या राजारामबापू कदमांची परंपरा ज्यांनी जवळून पाहिली त्यांना हे सांगायला नको. त्यांचं पाऊल आणि शब्द वेगळे काढताच येत नाहीत.

क्रम असा ठेवा: ओळ उभ्याने, ओळ चालत, ओळ जागच्या जागी पावलांवर, ओळ पूर्ण नाचासह. एका पायरीवर शब्द तुटला तर पुढं जायचं नाही, मागच्या पायरीवर यायचं.

दमसासासाठी: २ मिनिटं पूर्ण नाच, लगेच १ मिनिट गद्य, असं ५ वेळा. गद्यातलं शेवटचं क्रियापद १५ पावलांवरच्या माणसाला ऐकू आलं पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस २० मिनिटं झपझप चालत आख्यान म्हणायचं.

---

दिवटी | मंगळवार, रात्री ९:३०

पायरव दादा, नाच वेगळाच बसवत होतो, बरोबर ओळखलंत. एक विचारते: नाच संपल्यावरचं पहिलं वाक्य नेहमीच तुटतं. तिथं काही तोड आहे का?

---

पायरव | मंगळवार, रात्री ९:४४

आहे. नाचाची शेवटची चार आवर्तनं नाईकानं अर्ध्या जोरानं करायची आणि तोंड बंद ठेवून श्वास सोडत यायचं. त्या वेळात साथीदार पूर्ण जोरात. प्रेक्षकाची नजर तिकडं जाते. आणि पहिलं वाक्य लहान लिहा, तीन-चार शब्दांचं. "ऐका हो मंडळी" सारखं. मग एक श्वास, मग मोठं वाक्य. गद्य कुठं ठेवायचं हे बसवणाऱ्याच्या हातात आहे, त्याला दमसासाची अडचण समजू नका.

---

शब्दशीव | बुधवार, सकाळी ७:२०

कर्ण्यावर शब्द का कळत नाहीत ते बघू. कर्णा घुमारा खातो आणि मधला आवाज टोकदार करतो. स्वर मोठे ऐकू येतात, व्यंजनं कर्कश होतात नाहीतर गळतात. म्हणून जोर वाढवून उपयोग नाही, शब्दाची पहिली आणि शेवटची कड स्पष्ट हवी.

दातात पेन्सिल धरून वाचायची पद्धत सोडा. त्यानं जबडा आवळतो. त्याऐवजी: आख्यानाच्या दहा ओळी आवाज न काढता, फक्त ओठ-जीभ हलवून, मोठ्या हालचालींनी म्हणा. समोरच्याला ओठांवरून ओळ ओळखता आली पाहिजे. कुजबुज नको, कुजबुजीतही गळ्यावर ताण येतो. मग त्याच ओळी अर्ध्या वेगात आवाजासह, मग पूर्ण वेगात.

ख, घ, ठ, ध, भ यांतला "ह" कर्ण्यावर पटकन मरतो. "भार"चं "बार" होतं, "घडा"चं "गडा". हातावर श्वासाचा झोत लागतो का ते तळहात तोंडासमोर धरून तपासा. ळ आणि ल यांच्या जोड्या म्हणा: काळ-काल, बळ-बल, गळा-गला. चारा आणि चार, दोन्हीतला "च" वेगळा आहे. जीभ कुठं टेकते ते आरशात बघा.

आणि एक निर्णय आधी घ्या. आपल्याकडं बोलताना "पाणी"चं "पानी" होतं. गावच्या पात्राच्या तोंडी ते ठेवा, शोभतं. पण नाईक निवेदन करताना एका ओळीत "पाणी" आणि पुढच्या ओळीत "पानी" म्हणाला तर कानाला खटकतं. कोण कसं बोलणार ते संहितेवर लिहून ठेवा. बोली लपवायची नाही, ती ठरवून वापरायची.

---

सातवी_ओवी | बुधवार, दुपारी १:१०

हातांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तेच तेच हात येतात कारण हात शब्दाच्या मागून धावतात. बोलून झालं की हात काहीतरी करतो. क्रम उलटा हवा: आधी नजर, मग हात, मग शब्द. "तो बघा, वाड्याच्या दारात उभा" म्हणताना नजर आधी दारावर गेली पाहिजे, दार आपल्याला दिसलं पाहिजे. प्रेक्षक तुमच्या बोटाकडं नाही, तुमच्या नजरेकडं बघतो.

व्यायाम: एक प्रसंग हात पाठीमागं बांधून सांगायचा. सगळं नजरेनं, मानेनं, छातीच्या दिशेनं आणि आवाजानं. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी हात मोकळे, पण पूर्ण प्रसंगात फक्त तीन हातवारे. कोणते तीन ते ज्यानं त्यानं निवडायचं. निवडायला लागलं की फुकटचे हात गळतात.

राजा, देवी, पिंगळा, म्हातारी अशी पात्रं एकाच माणसाला करायची असतात. प्रत्येकासाठी आवाज बदलायला जाऊ नका, त्यात घसा जातो. तीन गोष्टी आहेत: अंगाचा भार कुठं (टाचेवर, चवड्यावर, एका पायावर), नजर किती उंचीवर, आणि बोलण्याचा वेग. राजा: भार टाचांवर, नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून, वेग संथ. पिंगळा: भार चवड्यावर, नजर भिरभिरती, वेग जलद. बाईचं पात्र पुरुष करणार असेल तर आवाज चोरून बारीक करायची गरज नाही. वाक्याचा शेवट आणि मानेचा कोन बदलला तरी पुरतं, आणि ते जास्त खरं वाटतं. शिवाय चोरट्या आवाजात ७५ मिनिटं काढणं शक्यही नाही.

एका पात्रातून दुसऱ्यात जाताना आधी पाय बदला. पाय बदलले की पाठ, मान, आवाज मागोमाग येतात. आधी चेहरा बदलला की सोंग वाटतं.

रात्रीचा खेळ आहे, दिवटीचा किंवा हॅलोजनचा उजेड. मागच्या रांगेला डोळे दिसत नाहीत. म्हणून नजर फिरवायची ती छातीसकट. छाती जिकडं, तिकडं प्रेक्षक बघेल.

---

कंठतपासणी | बुधवार, रात्री ८:००

घशाच्या काळजीबद्दल गैरसमज खूप आहेत, म्हणून सविस्तर.

आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही. मध, आलं, ज्येष्ठमध यांनी घसा ओला वाटतो, खोकला थांबतो, तेवढा उपयोग आहे. पण "हे चाटलं की आवाज सुटतो" असं होत नाही. स्वरतंतू ओले राहतात ते शरीरात पाणी पुरेसं असलं तर, आणि त्याला काही तास लागतात. खेळाच्या १० मिनिटं आधी तांब्याभर पाणी पिऊन फक्त लघवीला जावं लागतं. सकाळपासून थोडं थोडं प्या. लघवीचा रंग फिकट असला की पुरेसं आहे.

चैत्रात आपल्याकडं पारा ४० च्या आसपास किंवा वर जातो, हवा कोरडी. तालीम सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ६ नंतर. नाचून घाम गेला की नुसतं पाणी नको, क्षारसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानं पाण्यात. कुणी गरगरतं म्हणालं, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तर सावलीत, ओल्या कपड्यानं अंग गार करत थेट दवाखाना.

साध्या पाण्याची वाफ ५ ते १० मिनिटं, भांड्यापासून हातभर लांब. त्यात पेपरमिंट, बाम टाकू नका. थंडावा वाटतो, पण कोरडं पडतं. मेंथॉलच्या गोळ्यांचंही तेच.

खाकरणं ही सगळ्यात वाईट सवय. प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, कफ पुन्हा येतो, पुन्हा खाकरणं. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा किंवा हलकं "म्म्म" करा.

तंबाखू, खर्रा, गुटखा सोडायला सांगा. मशेरीसुद्धा. हे सहा आठवड्यांसाठी नाही, कायमचं.

जेवण खेळाच्या अडीच-तीन तास आधी, तिखट-तेलकट कमी. तालमीनंतर रात्री ११ ला मटण खाऊन लगेच झोपलं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज घोगरा. घोगरा आवाज म्हणजे दरवेळी रियाज कमी नव्हे.

आता धोक्याच्या खुणा. सर्दी-खोकला नसताना घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जाऊन स्वरयंत्र आतून बघून घ्या. मधेच जोरात ओरडताना आवाज एकदम गेला तर त्याच क्षणी पूर्ण गप्प बसायचं, कुजबूजही नाही, आणि लवकरात लवकर डॉक्टर. तिथं स्वरतंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. त्यावर गात राहिलं तर कायमची इजा होते. "इंजेक्शन घेऊन आज रात्री गा" असा सल्ला कुणी दिला तरी तपासणीशिवाय घेऊ नका.

---

दिवटी | बुधवार, रात्री ९:१५

नाईकाचा आवाज गेला महिनाभर घोगरा आहे. सर्दी नाही. तो तालमीला येतोय आणि पूर्ण जोरात गातोय. त्याला थांबवू का?

---

कंठतपासणी | बुधवार, रात्री ९:२२

हो, गाणं उद्यापासून थांबवा आणि त्याला तपासणीला पाठवा. दुर्बिणीनं स्वरयंत्र बघतात, थोडा वेळ लागतो, दुखत नाही. त्यात काय निघतं त्यावर पुढचं. नुसती सूज असेल तर काही दिवस कमी बोलणं आणि मग हळूहळू वाढवणं. गाठ निघाली तरी बऱ्याच जणांची आवाजाच्या उपचारानं कमी होते, प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही.

तोवर तो तालमीला येऊ दे. पावलं, हात, नजर, श्वासाच्या खुणा हे सगळं ओठ हलवून करता येतं. आणि दुसऱ्या कुणाकडून नाईकाच्या ओळी पाठ करून घ्या, आजपासून. त्याच्या मनाला लागेल, त्याला समजावून सांगा. तरी हे करा.

---

ध्वनिपेटी (नांदेड) | गुरुवार, सकाळी १०:३०

आवाज बसण्यात मांडणीचा वाटा मोठा असतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत जोरात बोलतो. त्याला कळतही नाही.

जनित्र खेळाच्या मागं नको, बाजूला आणि शक्य तितकं लांब, निदान १०० फूट, वारा जिकडं वाहतो त्या बाजूला. कर्णे कलाकारांच्या पुढं, तोंड प्रेक्षकांकडं, माणसाच्या डोक्यावरून जातील इतके उंच. कर्णा कलाकारांच्या मागं लावला की माईक तोच आवाज पुन्हा पकडतो आणि शिट्टी वाजते. मग ध्वनिवाला आवाज कमी करतो आणि नाईक घसा फाडतो.

एकच माईक असेल तर संबळ त्याच्यापासून निदान ६ फूट मागं. नाहीतर माईक संबळच उचलेल. हातातला माईक तोंडापासून चार बोटं, थोडा तिरका, म्हणजे प-फ-भ चा भपका थेट जात नाही. नाचताना हात हलतो आणि अंतर बदलतं, म्हणून माईक धरणारं कोपर बरगडीला चिकटवून नाच बसवा. तालमीत लाकडी मूठ किंवा रिकामी बाटली हातात धरूनच सराव करा. नाहीतर जत्रेच्या दिवशी एक हात अडकतो आणि बसवलेले सगळे हातवारे बिघडतात.

एक लहान स्पीकरची पेटी कलाकारांकडं तोंड करून, कमी आवाजात ठेवता आली तर फार फरक पडतो. स्वतःचा आवाज ऐकू आला की माणूस ओरडत नाही.

---

दिवटी | गुरुवार, रात्री ८:४०

नाईकाला शनिवारी तपासणीला नेतेय. त्याच्या ओळी मुलींपैकी एकीला दिल्यात, काळी ५ मध्ये सुंदर बसतंय. आता आठवड्यांची वाटणी कशी करू ते सांगा. आणि खेळाच्या दिवशी काय करायचं?

---

पायरव | गुरुवार, रात्री ९:५०

मला वाटतं अशी:

पहिले दोन आठवडे गाणं कमी. दीड तासात १५ मिनिटं श्वास, ५ मिनिटं नळी, २० मिनिटं पाय, राहिलेल्या वेळात श्वासाच्या खुणा आणि हात बांधून प्रसंग. पट्टी याच काळात पक्की करा, नंतर बदलू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओळ-पाऊल जोडणी. पूर्वरंग आधी, कारण त्यात नाच जास्त. पाचव्यात पूर्ण खेळ, एक दिवसाआड, रोज नाही. मधल्या दिवशी तुटलेल्या जागा. सहाव्या आठवड्यात पूर्ण खेळ फक्त दोनदा, तोही मैदानात, माईकसह, आणि शेवटचा खेळाच्या निदान दोन दिवस आधी. आदल्या दिवशी नुसतं ओळी म्हणत चालणं.

---

खर्ज_पंचम | गुरुवार, रात्री १०:१०

खेळाच्या दिवशी: दुपारी झोप. दिवसभर जत्रेत फिरून ओरडून बोलू नका, निम्मा आवाज तिथंच जातो. जेवण अडीच-तीन तास आधी. तासभर आधी १० मिनिटं अंग मोकळं करणं: मान हळू डावी-उजवी, मागं टाकायची नाही, खांदे, घोटे, कंबर. मग ५ मिनिटं नळी, ५ मिनिटं मधल्या स्वरांत गुणगुण, मग सगळ्यात उंच स्वर एकदाच, हळू. जोरात गाऊन तपासू नका. उरलेला वेळ गप्प. खेळ संपल्यावर लगेच शाबासकीच्या गप्पा मारायला लागतात सगळे; आधी ५ मिनिटं नळी, मग गप्पा.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ६:१५

आणि गण म्हणताना पहिला स्वर संबळ थांबल्यावर घ्या, संबळावर नको. त्या एका शांत जागेत पोरीला तुणतुण्याचा पंचम ऐकू येईल आणि "सा" अचूक लागेल.

---

सातवी_ओवी | शुक्रवार, सकाळी ७:४५

गोदाकाठ काकांना अनुमोदन. फक्त गण पुरुषांच्या पट्टीत असेल तर मुलीनं तो म्हणू नये, तिची एन्ट्री आख्यानाच्या पहिल्या गद्यानंतर ठेवा. मधे चार मात्रांचा तुकडा विसरू नका.